माझ्या पेशी मोठ्या झाल्या तेव्हा

माझ्या आजाराची पहिली बातमी मला डॉक्टरांनी नाही, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या बांगडीवाल्यानं दिली.

नणंदेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि आम्ही घरातल्या बायका बांगड्या भरायला गेलो होतो. माझा हात पहिल्यापासून जाड. दर खेपेला बांगडीवाला साबणाचं पाणी लावून, अंगठा आत दाबून, गोड बोलत बांगड्या चढवतो आणि दर खेपेला मी त्याला चार शब्द ऐकवते. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. दुसरा हात भरून होत आला तेव्हा त्याची नजर पहिल्या हातावर गेली आणि तो थांबलाच. जिथं जिथं त्याची बोटं दाबली गेली होती, तिथं तिथं निळेकाळे डाग उमटले होते.

"अक्का, मी इतकं दाबलं नाही ओ," तो घाबरून म्हणाला. "देवाशपथ नाही. हे डॉक्टरला दाखवा."

"आधी हात मोडायचा आणि मग डॉक्टर दाखवायचा होय रे?" मी म्हटलं. बायका हसल्या. पण घरी येताना रिक्षात मी पदराखाली हात धरून बसले होते. आठवडाभर दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं आणि मी बिचाऱ्या ब्रशला शिव्या देत होते. जिना चढताना धाप लागत होती, तिचं खापर मी वयावर फोडलं होतं.

खुर्ची

गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. लॅबमधून फोन आला तो रिपोर्ट न्यायला या म्हणून नाही, तर पेशंटला घेऊन तडक मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणून. मोहन पेढीवरून तसाच उठून आला. मोहन म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, कागदावर तेवढी हिंमत करते. आमची गुळाची पेढी आहे, त्याच्या पणजोबांनी कोल्हापूरकडून येऊन घातलेली. सदऱ्यावर गुळाचे डाग तसेच घेऊन तो माझ्याबरोबर डॉक्टरांसमोर बसला.

डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान, धारवाडच्या. मराठी चांगलं बोलतात, घाईत असल्या की कानडीत शिरतात. त्यांनी माझे हात बघितले, हिरड्या बघितल्या, आत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली माझं रक्त स्वतः बघून आल्या आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसल्या. खुर्ची ओढली तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी माणूस उभ्या उभ्या सांगतो.

"ब्लड कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यातला एक वेगळा प्रकार आहे, असं मला वाटायलाय. तो असेल तर सुरुवातीचे दिवस लई धोक्याचे. रक्त कुठंही वाहू शकतं, मेंदूतसुद्धा. पण ते दिवस काढले, तर बहुतेक माणसं बरी होतात. पूर्ण बरी."

मला त्यातलं 'कॅन्सर' आणि 'मेंदू' एवढंच ऐकू आलं. मोहन म्हणाला, "मॅडम, तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही. इडली चालेल का?"

मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. इथं माझा जीव जायला निघालाय आणि ह्याला इडली सुचतेय. मग त्याचे हात दिसले. ते सदऱ्यावरचा गुळाचा एकच डाग नखानं खरवडत होते. त्या खोलीत त्याच्या हातात होतं असं इडलीशिवाय काही उरलंच नव्हतं.

"चालेल की," मॅडम म्हणाल्या. "आणि इडलीनंतर ही कॅप्सूल. पक्का रिपोर्ट बेंगळुरूहून यायचा आहे, पण मी त्याची वाट बघणार नाही."

कॅप्सूल म्हणजे निरोप

ज्यांच्या हातात आजच असा रिपोर्ट पडला असेल, त्यांना मी एकच सांगेन. प्रश्न विचारा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. मी गुळाचा व्यापार करणाऱ्या घरातली सून, मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जे मला मारायला टपलंय त्याचं नाव-गाव तरी कळावं, अशी माझी जिद्द होती. मॅडमना मी इतकं भंडावलं की त्या शेवटी राउंडला येताना माझ्यासाठी थोडा वेळ राखूनच ठेवू लागल्या.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते.

आपल्या हाडांच्या पोकळीत रक्ताच्या पेशी जन्मतात. जन्मतात तेव्हा सगळ्या सारख्याच. पुढं एखादी लाल होते, एखादी जंतूंशी लढणारी पांढरी. कुणी काय व्हायचं, हे बाहेरून येणाऱ्या निरोपांवर ठरतं. निरोप पेशीच्या अंगावर येऊन पोचतो, मग आत एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात थेट मधल्या गाभ्यापर्यंत जातो. गाभ्यात आपली सगळी गुणसूत्रं असतात. तिथं काही प्रथिनं पहारा देत बसलेली असतात. कुठला जनुक उघडायचा, कुठला मिटून ठेवायचा, हे ती बघतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम मला लगेच कळलं. आमच्या पेढीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते, तसंच.

त्यातला एक पहारेकरी अ जीवनसत्त्वाच्या एका नातेवाइकाची वाट बघत बसतो. तो निरोप आला की बाजूला होतो, आणि मोठं व्हायला लागणारे जनुक उघडतात. मग ती कोवळी पांढरी पेशी वाढते, हाडातून बाहेर पडते आणि कामाला लागते.

"तुमच्यात दोन गुणसूत्रं तुटली आणि उलटसुलट जोडली गेली," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळं हा पहारेकरी दुसऱ्याच एका प्रथिनाला चिकटून बसला. आता त्याला नेहमीचा निरोप ऐकू येत नाही. तो दार अडवून बसलाय. आतल्या पेशी मोठ्याच होत नाहीत, नुसत्या वाढत जातात. हाडात दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही."

"मग आता त्यांना मारायचं?"

"मारायचं नाही. मोठं करायचं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी कॅप्सूल हातावर घेऊन दाखवली. हा तोच निरोप, पण एवढा मोठा की बहिऱ्या पहारेकऱ्यालाही ऐकू जावा. तो हलला की अडलेल्या पेशी पुढं सरकतील आणि वाढतील.

मी ती कॅप्सूल घेतली आणि बराच वेळ छतावरच्या पंख्याकडे बघत पडले. हे सगळं माझ्या मांडीच्या हाडात चाललेलं होतं. नुसत्या माझ्याच नाही. खाली रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याच्या हाडात. जुन्या हुबळीतून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या हाडात. प्रत्येकाच्या हाडात, प्रत्येक क्षणाला, अगणित पेशींना निरोप पोचत होते आणि बरोबर पोचत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एवढी वर्षं माझंही बिनबोभाट चाललं होतं आणि मी त्याचे कधी आभार मानले नव्हते. आजारी पडल्याबद्दल रडायचं सोडून, एवढी वर्षं आजारी कशी पडले नाही, याचंच मला नवल वाटायला लागलं.

सोमल

कॅप्सूलच्या जोडीला सलाइनमधून दुसरं औषध सुरू झालं. ते त्या चिकटलेल्या प्रथिनालाच मोडून टाकतं. त्याचं नाव मॅडमनी सांगितलं तेव्हा माझ्या उशाशी आत्या बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"आर्सेनिक म्हणजे काय ओ?" आत्यांनी विचारलं.

"सोमल," मॅडम म्हणाल्या.

आत्यांचा चेहरा पांढरा पडला. "अय्यो! सोमल? गोदामात उंदराला घालतात तसलं?"

"माप ठरलेलं असतं, आजी. रोज हृदयाची तपासणी करून मगच देणार."

मॅडम गेल्यावर आत्या माझ्या कानाशी वाकल्या. "सुमन, हे गल्लीत कुणाला सांगू नको बघ. सुनेला सोमल दिला म्हणून सासूचंच नाव व्हायचं." मी एवढी हसले की हिरडीतून रक्त आलं आणि नर्स धावत आली.

पण खरं सांगायचं तर तो पहिला थेंब नळीतून खाली उतरताना मी डोळे मिटून घेतले होते. ज्याच्या नावानं माणसं थरकापतात ते विष माझ्या शिरेत चाललं होतं आणि माझ्याच रक्तातलं एक चिकट, बहिरं प्रथिन तेवढं नेमकं शोधून मोडणार होतं. माझे केसही गळले नाहीत. भेटायला येणारे माझ्या केसांकडे बघून म्हणायचे, कॅन्सर नसेल हो, डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असेल.

'अ जीवनसत्त्व' हे शब्द तेवढे आत्यांनी पकडून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात गाजराचा हलवा आला. मॅडमनी तो डबा परत पाठवला. कॅप्सूलमध्ये जेवढं हवं तेवढं आहे, वरचं नको. हलवा वॉर्डातल्या नर्सनी संपवला.

वॉर्ड

सकाळी रक्त काढायचे. मग हृदयाची तपासणी, मग नळी. हाताच्या शिरा थकल्या तेव्हा गळ्याजवळ एक नळी कायमची बसवली. ओठ सुकून फुटायचे, डोकं ठणकायचं. प्लेटलेट्सची पिशवी फिकट पिवळी असते, हे मला तिथं कळलं. रक्तस्राव रोखायला त्या पिशव्या सारख्या लागत होत्या आणि त्यासाठी माणसं लागत होती.

मोहननं बाजारात शब्द टाकला. आमच्याकडे माल उतरवणारे हमाल आले, शेजारचे कापडवाले आले, ज्यांच्याशी आमचं दुकानापुढच्या जागेवरून भांडण होतं ते लोखंडाच्या दुकानातले अण्णाही आले. काहींचं रक्त जमलं, काहींचं नाही. अण्णांचं जमलं. ते बाही वर करून झोपले आणि बाहेर आल्यावर मोहनला म्हणाले, "भांडण आहे तिथंच आहे बघ. हे वेगळं." माझ्या अंगात अर्धा दुर्गदबैल फिरत होता. तोवर मी त्यातल्या निम्म्यांना नावानंही ओळखत नव्हते.

भीती दुपारी यायची. सकाळी धावपळ असते, संध्याकाळी माणसं असतात. दुपारी जेवणं झाल्यावर वॉर्ड गप्प व्हायचा आणि मी मेंदूत रक्त वाहायला लागलं तर आधी काय होतं याचा विचार करत बसायची. जीभ जड होते म्हणे. मग मी हळू आवाजात घरातल्यांची नावं म्हणून बघायची. नावं नीट आली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मला मरायचं नव्हतं. बाकी सगळं शहाणपण त्यानंतरचं.

न बोललेलं वजन

आता आमच्या घराण्याची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गूळ विकणारं घर असल्यामुळं आमच्याकडे मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाची गुळानं तुला करतात. मारुतीच्या देवळात तराजू बांधायचा, एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात ढेपा, आणि तो गूळ वाटून टाकायचा. माझ्यासाठी आत्या पहिल्याच दिवशी नवस बोलून आल्या होत्या. आणि एकदा नवस बोलला, की तुला होईपर्यंत त्या माणसाचं वजन वाढलेलं तोंडानं बोलायचं नाही. बोललं की दृष्ट लागते आणि वजन उतरतं. आमच्या घरात हे कुणी कधी तपासून बघितलेलं नाही, आणि कुणी मोडलेलंही नाही.

वॉर्डात रोज सकाळी वजन करायचे. काटा व्हरांड्याच्या टोकाला. नर्सला सकाळी उसंत नसायची, म्हणून ती आत्यांना सांगून जायची, मला काट्यावर उभं करा आणि आकडा बघून ठेवा. मग येता जाता विचारायची, "अज्जी, तूक एष्ट री?" वजन किती?

आजारात मी वाळले होते. पण औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी काटा वर सरकू लागला. आत्यांनी तो बघितला, मी बघितला. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. नर्सनं विचारलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "तेवढंच आहे की." दुसऱ्या दिवशी काटा आणखी वर. "तेवढंच आहे." मला पद्धत ठाऊक होती, मीही गप्प राहिले. उलट, सून अंगानं भरतेय म्हणून आत्यांनी सगळ्या वॉर्डात धारवाडी पेढे वाटले.

माझे पाय सुजल्यासारखे वाटत होते, ते झोपून झोपून असतील. थोडा ताप होता, तो हवामानाचा असेल. मग एका सकाळी आंघोळीहून परत येताना मला श्वास पुरेना. भिंत धरून उभी राहिले. उताणं झोपलं तर पाण्याखाली गेल्यासारखं होत होतं.

मॅडम आल्या, त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं, पायावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. त्यांनी वजनाचे आकडे बघितले. रोज तोच आकडा. मग मला स्वतः धरून काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून त्या एकदम कानडीत ओरडल्या. मला चाकाच्या पलंगावर घालून आयसीयूत नेलं.

सगळ्या एकदम

तोंडावर प्राणवायूचा मास्क होता, शिरेतून स्टिरॉइड चालू होतं, कॅप्सूल तात्पुरती बंद केली होती. मॅडम माझ्याजवळ उभ्या होत्या.

"औषध लागू पडलंय," त्या म्हणाल्या. "फारच लागू पडलंय. अडलेल्या पेशी सगळ्या एकदम मोठ्या व्हायला लागल्यात. हाडातून एकदम बाहेर पडल्या आणि फुफ्फुसात गर्दी केली. अंगात पाणी साठलंय, म्हणून वजन वाढलं. हे होऊ शकतं, आम्हांला माहीत असतं. म्हणून तर रोज वजन विचारायचो आम्ही."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणजे मला बुडवायला निघालं होतं ते कॅन्सर नव्हे, बरं होणंच बुडवत होतं. मास्कमध्ये माझा श्वास वाजत होता. आपण मरतोय असं मला अगदी साधेपणानं वाटलं, आणि त्याच वेळी डोक्यात हेही चाललं होतं, की ऐकला. निरोप ऐकला त्यांनी. इतके दिवस अडून बसलेल्या त्या पेशींनी मोठं व्हायला सुरुवात केली. आता फक्त जरा हळू व्हा, असं मी त्यांना मनातल्या मनात विनवत होते. स्वतःच्या रक्ताशी मी याआधी कधी बोलले नव्हते.

त्या दोन-तीन दिवसांतलं मला तुटक आठवतं. मग सूज उतरू लागली, श्वास खाली पोटापर्यंत जाऊ लागला. मी उताणी झोपू शकले, तो दिवस मला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त नीट आठवतो.

बाहेर मात्र काहीतरी मोडलं होतं. मोहननं आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवला होता, तोही आयसीयूच्या दारात, सगळ्यांदेखत. "तुझ्या दृष्टीपायी माझी बायको गेली असती, आई!" आत्यांनी डब्याची पिशवी उचलली. त्या रिक्षा करून घरी गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. डबा यायचा, मऊ भात, त्यावर तूप, सगळं त्यांच्याच हातचं. त्या यायच्या नाहीत. घरात मायलेकरं एकमेकांशी बोलत नव्हती.

वॉर्डात परत आल्यावर मी मोहनला म्हटलं, "मीपण गप्प बसले होते. माझ्यावर ओरडा की."

"तुझ्यावर ओरडायला तू राहशील का नाही, तेच कळत नव्हतं," तो म्हणाला आणि रडला. इडलीच्या दिवशी अडकलेलं रडणं तेव्हा बाहेर पडलं.

मी आत्यांना निरोप धाडला: मला काट्यावर उभं करायला कुणी नाही. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं, काट्यावर चढवलं, वाकून बघितलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा ओरडल्या. "ऐकलासा काय सिस्टर? कालच्यापेक्षा कमी! लिहून घ्या!" वॉर्डातली माणसं उठून बसली. त्या दिवसापासून माझं वजन हुबळीत कुणाला माहीत नव्हतं असं झालं नाही.

काचेवर

एवढं सगळं झाल्यावर मी मॅडमना म्हटलं, "ह्या ज्या मोठ्या झाल्या म्हणता, त्या मला बघायच्यात."

त्या हसल्या, पण त्यांनी खरंच मला चाकाच्या खुर्चीतून खाली लॅबमध्ये नेलं. मोहन बरोबर होता. सूक्ष्मदर्शकाच्या दोन डोळ्यांत माझे डोळे बसवून घ्यायलाच वेळ गेला. आधी पहिल्या दिवसाची काच लावली. जांभळ्या, मोठाल्या, गच्च भरलेल्या पेशी. मधला गाभा वेडावाकडा, फुगलेला. आणि काहींच्या पोटात बारीक लाल सुया, जुडगीच्या जुडगी.

"ह्या सुया म्हणजे ह्या आजाराची खूण," मॅडम म्हणाल्या. "निरोगी पेशीत ह्या कधीच नसतात. आता ही काच बघा, परवाची."

दुसऱ्या काचेवर पेशी वेगळ्याच होत्या. गाभ्याचे तीन-चार तुकडे, मध्ये बारीक धाग्यानं जोडलेले. मोठी झालेली पांढरी पेशी अशीच दिसते म्हणे. मॅडमनी काच थोडी सरकवली. "आता मधल्या पेशीत नीट बघा. काय दिसतंय?"

मोठी झालेली, नीटनेटकी पेशी. आणि तिच्या पोटात एकच बारीक लाल सुई.

मला कळायला वेळ लागला. ही नवी पेशी नव्हती. ही तीच होती, मला मारायला निघालेली. तिला कुणी मारलं नव्हतं. ती तिच्या जुन्या खुणेसकट मोठी झाली होती. आता ती इतर पेशींसारखीच आपलं काम करणार होती आणि यथाकाळ संपणार होती. मी आयुष्यात देवळं पुष्कळ बघितली, एवढी गप्प कुठल्याच गाभाऱ्यात झाले नव्हते.

मोहननंही डोळा लावला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लग्नाला एवढी वर्षं झाली, बायको आतून आज बघितली."

"कशी आहे?" मी विचारलं.

"जांभळी," तो म्हणाला.

अंगठा

त्यानंतर पुष्कळ महिने मी औषधासाठी ये-जा करत राहिले. काही दिवस सलाइन, काही दिवस सुट्टी, पुन्हा सलाइन. कंटाळा यायचा, चिडचिड व्हायची, पण सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि काही न घडणं किती मोठं असतं ते मला आता कळतं. शेवटी हाडातली मज्जा काढून तपासली. ती चुकून जोडलेली गुणसूत्रं कुठंच सापडली नाहीत. मारुतीच्या देवळात माझी तुला झाली आणि वजन आत्यांनी सगळ्यांना स्वतःहून सांगितलं.

तरीही मनात एक धाकधूक राहिलीच. रिपोर्ट कागदावर चांगला होता, पण आत खरोखर सगळं जागेवर आलंय का, हे कसं कळावं? साधी शिंक आली तरी मी घाबरायची. अंगावर कुठं डाग दिसतोय का ते रोज आरशात बघायची.

मग मी पेढीवर जायला लागले, आणि गूळ भरायच्या डालग्याच्या बांबूचं एक कुसळ माझ्या अंगठ्यात शिरलं. ते निघालं, पण दुसऱ्या दिवशी अंगठा लाल झाला, ठणकायला लागला. तिसऱ्या दिवशी नखाच्या कडेला पिवळा ठिपका. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मोहननं गाडीची किल्ली काढली. मी आधी अंगठ्याचा फोटो मॅडमना पाठवला आणि फोन केला.

मॅडम फोनवर चक्क खूश झाल्या. "पू झालाय की! घाबरू नका. ताप नाही ना? संध्याकाळी दाखवून जा. पण सुमनताई, पू म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हांला?"

"काय?"

"मोठ्या झालेल्या पांढऱ्या पेशी. त्या जास्त जगत नाहीत, थोडक्या वेळाच्या असतात. कुठं काटा शिरला, जंतू आले, की त्यांना निरोप जातो. त्या रक्तातून धावत तिथं पोचतात, जंतूंना खातात आणि तिथंच मरतात. त्या मेलेल्या पेशींचा ढीग म्हणजे पू. तुमच्या पेशी मोठ्या झाल्याच नसत्या, तर हा झालाच नसता."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून अंगठ्याकडे बघत राहिले. ह्या त्या जुन्या सुईवाल्या पेशी नव्हत्या, त्यांच्या मागून आलेल्या, कितव्या तरी. माझ्या हाडात जन्मल्या, त्यांना निरोप आला, त्यांनी तो ऐकला. मोठ्या झाल्या. मग अंगठ्यातून हाक गेली, तीही त्यांनी ऐकली. एवढ्याशा ठिपक्यात त्या किती असतील कोण जाणे. कुठल्याच रिपोर्टनं मला हे दाखवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

आत्या गव्हाच्या पिठाचं हळद घातलेलं गरम पोटीस घेऊन आल्या. मी रडतेय ते दुखण्यानं, असं त्यांना वाटलं.

"आण बघू हात. ती घाण बाहेर पडली की ठणका थांबेल."

"घाण म्हणू नका ओ तिला, आत्या."

"मग काय म्हणू?"

मॅडमनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. निरोप, धावत जाणं, मरणं, सगळं. त्या ऐकत राहिल्या. पोटीस निवत चाललं होतं.

"म्हणजे ही तुझीच?" त्यांनी विचारलं.

"माझीच. कामावर गेलेली."

आत्यांनी वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या अंगठ्याला नमस्कार केला. मग पोटीस बांधलं.